खिसे तपासले

कॉफी काळी प्यायची, बिनसाखरेची, आणि तीही औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून. तोंड कडू झालं की भिंतीकडे वळून चिमूटभर साखर जिभेवर टाकायची. कोणी पाहिलं नाही असं समजायचं.

‘तिकडे’ म्हणताना हनुवटी उचलायची. हनुवटी दर वेळी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जायची. युरोप त्या टाकीच्या मागे सुरू होतो, हे गल्लीत एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं.

भर उन्हाळ्यात गळ्याला सुती मफलर बांधायचा. गाठ डावीकडे. गाठीखाली घामोळं उठलं की पावडर मारायची आणि गाठ उजवीकडे घ्यायची.

रस्ता पांढऱ्या पट्ट्यांवरूनच ओलांडायचा. गल्लीत पट्टे नव्हते. म्हणून समोरच्या दुकानातली काडेपेटी आणायला चौकापर्यंत जायचं आणि पलीकडून परत यायचं.

दुपारी एक वाजता दुकानासमोरच्या फुटपाथवर घडीचं टेबल मांडून बाहेर बसायचं. तिकडे लोक बाहेर बसतात. इकडे त्या वेळी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली असत.

मालक आले की ‘बोंजूर’ म्हणायचं. मालक रोज एकच उत्तर द्यायचे. “शटर अर्धंच वर घेतलंयस.”

हा माणूस बावीस वर्षं एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर होता. नाव होतं त्याला, पावत्यांवर खालच्या कोपऱ्यात सहीही असे. पण मागच्या खोलीतल्या इस्त्रीवाल्यानं एकदा त्याला ‘व्हिएन्नाकर’ म्हटलं आणि ते असं चिकटलं की बायकोच्या दवाखान्यातल्या बायकाही ‘व्हिएन्नाकर बरे आहेत ना?’ म्हणून विचारू लागल्या. व्हिएन्नाकर चिडले नाहीत. उलट नव्या गिऱ्हाइकाला ते हेच नाव इतक्या सहजपणे सांगत की तो बिचारा त्यांना ‘मग इकडे कसे आलात?’ असं विचारून बसे.

ते कुठूनच आले नव्हते. त्यांनी केलेला सर्वांत लांबचा प्रवास रात्रभराच्या बसचा होता, साडूंच्या बदलीच्या गावाला. बस लागून ते दोन दिवस आडवे होते.

मग एवढा युरोप आला कुठून? खिशातून. गिऱ्हाइकांच्या.

काउंटरची एक पद्धत होती. कपडा टेबलावर पसरायचा. कॉलर पाहायची, अस्तर पाहायचं, बटणं मोजायची, खिसे तपासायचे. खिशात जे सापडेल ते छोट्या खाकी पाकिटात घालून पावतीला टाचायचं आणि पावतीवर शिक्का मारायचा : ‘खिसे तपासले’. एकदा कोणाच्या तरी खिशातलं पेन मशिनमध्ये फुटलं होतं आणि सतरा कपडे निळे झाले होते, तेव्हापासून मालकांचा हा कायदा. त्या शिक्क्याशिवाय कपडा मागच्या खोलीत जात नसे.

त्या शहरात ओव्हरकोट घालण्याएवढी थंडी कधी पडत नसे. कोट आला म्हणजे तो तिकडूनच आला. कोणी कामाला जाऊन आलेलं असे, कोणी मुलीकडे राहून. परतल्यावर कोट महिना-दोन महिने खुर्चीच्या पाठीवर पडून राही आणि उन्हाळा लागला की लोकांना त्याच्याकडे बघवत नसे. मग ते कोट व्हिएन्नाकरांच्या टेबलावर येऊन पडत. बाहेर डांबर पाघळत असे आणि आत व्हिएन्नाकर कोपरापर्यंत लोकरीत हात घालून उभे असत. हाताला लागे ट्रामचं तिकीट. संग्रहालयात कोट जमा केल्याची आकड्याची चिठ्ठी. कॉफीची पावती, साखरेची पुडी, अर्धवट दुमडलेला नकाशा.

कोट न्यायला गिऱ्हाईक आलं की ते पाकीट पुढे करीत. “हे आपलं सामान.”

गिऱ्हाईक डोकावून बघे. “हे? टाकून द्या हो.”

ते टाकून देत नसत. पण विचारल्याशिवाय एक कागद त्यांनी कधी ठेवला नाही, हेही खरं. बावीस वर्षांत बुटांचे तीन खोके भरले. शहरवार पाकिटं, पाकिटावर सुवाच्य अक्षर. कोणत्या ट्रामनं कुठे उतरायचं, कोणतं संग्रहालय किती वाजता बंद होतं, कोणत्या हॉटेलात कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास देतात, सगळं त्यांच्या जिभेवर. कोणी म्हणालं की मोबाइलवर सगळी माहिती मिळते, तर ते हसत. “मोबाइलवर कोणीही काहीही लिहितं. खिसा खोटं बोलत नाही.”

एकच अडचण होती. हल्लीची तिकिटं ज्या गुळगुळीत कागदावर छापतात त्यावरची अक्षरं गरमीनं उडतात. दर उन्हाळ्यात युरोप थोडा थोडा पांढरा होत चालला होता. व्हिएन्नाकरांनी त्यावर उपाय काढला. बायकोनं एक दिवस फ्रिज उघडला तर भाजीच्या कप्प्यात प्राग.

“अहो, हे काय?”

“हात नको लावूस. पॅरिस खाली आहे.”

“आणि काकड्या?”

“काकड्यांना काय होतंय बाहेर?”

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात होती. तपासणीआधी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि त्यांना डोळे मिटून अर्धा तास गप्प बसवायचं, हे तिचं काम. दिवसाला साठ माणसं ती गप्प बसवायची. घरच्या एका माणसापुढे मात्र तिनं हात टेकले होते. तिनं काकड्या माठाशेजारी ठेवल्या आणि विषय संपवला.

तर अशा त्या घरात मे महिन्याच्या पहिल्या रविवारी साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्यामुळे ते कोणाचंच वाक्य पुरं होऊ देत नसत.

“आम्ही सकाळी फिरायला जाणारी मंडळी, ठरवलंय. जूनमध्ये पंधरा दिवस युरोप.”

व्हिएन्नाकरांनी छोटा कप बशीत ठेवला.

“दहा जण झालोत. दहा झाले की अकरावी जागा सहलीची कंपनी फुकट देते. ती मी म्हटलं आपल्या घरात ठेवू. माहितगार माणूस हवा बरोबर. कोणती बस, कुठं काय बघायचं. बाकीच्यांचा प्रश्न एवढाच, की तुम्हाला खरंच माहीत आहे ना?”

“मला?” व्हिएन्नाकर म्हणाले.

“पुढच्या रविवारी आमच्याकडे या. सगळे असतील. कार्यक्रम लिहून आणा, वाचून दाखवा. पसंत पडला की जागा तुमची.”

साडू गेले. व्हिएन्नाकर बराच वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “अगं, आपले पासपोर्ट कुठेत?”

पासपोर्ट होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच आग्रह धरून दोघांचे काढून घेतले होते. तिकडून कधी बोलावणं येईल सांगता येत नाही, म्हणून. ते फ्रिजमध्ये नव्हते एवढंच.

त्या आठवड्यात दुकानात काम कमी झालं आणि प्रवास जास्त. व्हिएन्नाकरांनी नवी वही घातली. दुपारी बाहेरच्या टेबलावर बसून ते तासातासाचा हिशेब मांडीत. ट्रामचा आकडा, पायी किती मिनिटं, मग संग्रहालय, मग कॉफी.

इस्त्रीवाला घाम पुसत बाहेर यायचा. “काय व्हिएन्नाकर, आज कुठे?”

“पॅरिस. तिसरा दिवस.”

“परत येताना कोपऱ्यावरून बर्फ आणा. आत माठ तापलाय.”

कोटाचाही प्रश्न होता. दुकानाच्या शेवटच्या हुकावर एक करडा ओव्हरकोट तीन वर्षं लटकत होता. गिऱ्हाईक परत आलंच नाही. मालक म्हणाले, “घेऊन जा. उंदरांपेक्षा तू बरा.” बाह्या लांब होत्या. व्हिएन्नाकरांनी त्या स्वतः आखूड केल्या आणि घरी पंख्याखाली कोट घालून आरशासमोर उभे राहिले. चार मिनिटं उभे राहिले. पाचव्या मिनिटाला बायकोनं खुर्ची पुढे केली.

“चक्कर येतेय?”

“नाही. असंच बसतोय.”

“आता त्यातून बाहेर या आधी.”

रविवारी साडूंच्या हॉलमध्ये मंडळी जमली. सगळ्यांत तरुण माणूस बासष्ट वर्षांचा होता. पंखा गरम वारा खाली ढकलत होता. बायकोच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, कलिंगडाच्या फोडी फिरवल्या. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत गणिताच्या बाई बसल्या होत्या, निवृत्त, महिन्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांच्या थेंबांची वेळ झाली होती. व्हिएन्नाकरांच्या बायकोनं त्यांची मान मागे केली, दोन थेंब सोडले आणि म्हणाली, “आता पाच मिनिटं मिटून बसा. बोलू नका.”

“ऐकू तर शकते ना?”

“ऐका.”

व्हिएन्नाकर उभे राहिले. मफलरची गाठ सरळ केली. तीन खोके टेबलावर मांडले होते, कोणी पुरावा मागितला तर असावा म्हणून. त्यांनी वही उघडली.

“सामान. प्रत्येकी एक ओव्हरकोट. लोकरी मोजे चार जोड. कानटोपी. ओठांना लावायचं मलम, तिकडे ओठ फुटतात.”

मंडळींनी माना डोलावल्या. एकानं मोजे लिहून घेतले.

“दिवस पहिला, व्हिएन्ना. सकाळी साडेनऊला संग्रहालय. कोट जमा करायला वीस मिनिटं धरली आहेत, अकरा माणसांचे अकरा कोट. नंतर टाउन हॉलसमोर. तिथे मैदानावर बर्फ असतो, लोक त्यावर घसरतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी कठडा धरून उभं राहायचं. दुपारी गरम वाईन. न पिणाऱ्यांनी नुसता कप धरायचा, हात शेकतात. आणि काही झालं तरी चारच्या आत हॉटेलवर. सव्वाचारला अंधार पडतो.”

वाचन रंगात आलं होतं. व्हिएन्नाकरांच्या आवाजाला त्या आठवड्यात घासून घासून एक झिलई आली होती. साडू अभिमानानं इकडेतिकडे बघत होते.

“सव्वाचारला कसा पडेल अंधार?”

गणिताच्या बाई डोळे मिटूनच बोलल्या होत्या.

“पडतो,” व्हिएन्नाकर म्हणाले. “तिकडे पडतो.”

“जूनमध्ये?”

“बाई, तिकडचा उन्हाळा आपल्यासारखा नसतो. आपली थंडी थोडी कडक करायची, की तिकडचा उन्हाळा.”

“तो बर्फ मैदानावर राहतो म्हणता. जूनमध्ये.”

“माझ्याकडे तिकीट आहे त्याचं.”

“वाचा बघू. तारीखही वाचा.”

व्हिएन्नाकरांनी पाकीट उघडलं. फ्रिजमधून काढल्यामुळे ते अजून गार होतं. “अकरा डिसेंबर,” त्यांनी वाचलं.

“दुसरं.”

“संग्रहालयाचं. तीन जानेवारी.”

“पुढचं.”

“ट्राम. वीस डिसेंबर. ही पावती... कॉफी. चार फेब्रुवारी.”

“पुढचं.”

व्हिएन्नाकर वाचत गेले. खोक्यात पंख्याचा वारा शिरत होता आणि कागद हलत होते. पंचविसाव्या तिकिटाला त्यांचा आवाज खाली आला. चाळिसाव्याला ते मनातल्या मनात वाचू लागले. मंडळी कलिंगड खायची थांबली होती.

“उन्हाळ्यातलं एक काढा,” बाई म्हणाल्या. “एकच पुरे.”

त्यांनी तिन्ही खोके धुंडाळले. एक सापडलं. एप्रिलची दोन तारीख.

“मिटून ठेवा ते,” बाई म्हणाल्या. पाच मिनिटं झाली होती, त्यांनी डोळे उघडले. “अहो, जूनमध्ये तिकडे माणसं कोट घालत नाहीत. साधे कपडे घालतात, घरी येऊन धुतात. ते तुमच्या काउंटरवर कशाला येतील? तुमच्याकडे आला तो सगळा हिवाळा.”

मग त्यांनी मोबाइल काढला आणि भाच्याचा फोटो फिरवला. भाचा पॅरिसमध्ये होता. अर्ध्या चड्डीत, नदीकाठी, हातात आइस्क्रीम, तोंडावर ऊन. मागच्या घड्याळात नऊ.

“सकाळचे असतील,” व्हिएन्नाकर म्हणाले.

“रात्रीचे. गेल्या वर्षीच्या जूनमधला आहे, खाली लिहिलंय त्यानं.”

मोजे लिहून घेतलेल्या गृहस्थांनी मोजे खोडले.

“म्हणजे बावीस वर्षांत अर्धाच युरोप बघितलात म्हणायचा,” साडू म्हणाले. ते आता खिडकीबाहेर बघत होते.

“बघितला कुठे? चाचपला,” कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. हसण्यात द्वेष नव्हता. तेच जास्त लागलं. द्वेष असता तर मफलर मागे टाकून निघून जाता आलं असतं.

“मग अकराव्या जागेचं काय?” ताईंनी विचारलं.

“माहिती काय, कंपनीचा माणूस देईल,” बाई म्हणाल्या. “माझे थेंब आहेत दिवसातून चार वेळा. ह्यांची साखर आहे, त्यांचा गुडघा आहे. आपल्याला नकाशा नको, हात हवा. हिला घ्या.”

थेंबांची बाटली हातात घेऊन बायको उभी होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं बाटलीचं झाकण लावलं, हळू, दोनदा.

“पासपोर्ट आहे का गं तुझा?” साडूंनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “ह्यांनीच काढायला लावला होता.”

दोघं परत निघाली. खोके व्हिएन्नाकरांच्या हातात होते. चौकात आल्यावर ते पट्ट्यांकडे वळले. बायको तिथूनच, दोन रिक्षांच्या मधून, पलीकडे गेली आणि उन्हात उभी राहून त्यांची वाट बघू लागली.

ते आल्यावर म्हणाली, “तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार मी.”

व्हिएन्नाकरांनी मनात तो शब्द घोळवून पाहिला. ‘नको’. बोलायला सोपा होता. पण मग गल्लीत त्यांची ओळख काय राहणार? बायकोला युरोपला जाऊ न देणारा व्हिएन्नाकर. इस्त्रीवाला आयुष्यभर पुरवून वापरील.

“तिकडचे नवरे असं काही म्हणत नाहीत,” ते म्हणाले.

“मला इकडच्यानं काय ते सांगायला हवंय.”

“जा,” ते म्हणाले. दहा पावलं चालून पुढे म्हणाले, “कोट ने.”

“अहो, बाई म्हणाल्या ना...”

“बाई भाच्याच्या एका फोटोवरून बोलतात. माझ्याकडे तीन खोके आहेत. एकदा अंधार पडला आणि गारठा सुटला की मग आठवण काढशील.”

तिनं त्यांच्या हातातला एक खोका घेतला. “बरं. नेते.”

करडा कोट तिच्यासाठी पुन्हा आखूड झाला. जूनच्या पाच तारखेला ती गेली. व्हिएन्नाकर निरोप द्यायला आले होते. सगळ्यांना त्यांनी हात मिळवला आणि कंपनीच्या तरुण माणसाला बाजूला घेऊन व्हिएन्नातल्या एका ट्रामबद्दल दोन शब्द सांगितले. त्या पोरानं ते नम्रपणे ऐकून घेतलं. ती ट्राम त्यांच्या कार्यक्रमात नव्हती.

मागे पाऊस लांबला आणि उन्हाळा होता तसाच राहिला. व्हिएन्नाकर सकाळी स्वतःचा डबा भरत. भाजी करपायची. खोके परत फ्रिजमध्ये गेले नव्हते, तिथे आता जागाच जागा होती, पण काकड्या त्यांनी माठाशेजारीच ठेवल्या, ती ठेवायची तशा. दवाखान्यातून एक जण विचारायला आली, ‘वहिनींचं काही कळलं का?’ तर त्यांनी व्हिएन्नातल्या हवामानावर पाव तास बोलायची तयारी केली आणि पहिल्या वाक्यातच अडकले. “बरी आहे,” एवढंच म्हणाले.

फोटो येत होते. ताई पाठवायच्या, दिवसाला वीस. इस्त्रीवाला मान घालून बघायचा. प्रत्येक फोटोत मंडळी उन्हात डोळे बारीक करून उभी. बायका बिनबाह्यांच्या कपड्यांत, साडू नव्या टोपीत. आणि कडेला व्हिएन्नाकरांची बायको, डाव्या हातावर तो करडा कोट घेऊन. पुलावर कोट. कारंज्याशी कोट. बोटीत तिच्या शेजारच्या सीटवर, घडी घालून, ऐसपैस बसलेला कोट.

“अकरा जण गेले होते ना?” इस्त्रीवाल्यानं बोटानं मोजलं.

“अकरा.”

“मग हा बारावा कोण तुमच्यासारखा? काही बोलत नाही, नुसता लटकतोय.”

व्हिएन्नाकरांनी मोबाइल खिशात घातला. पण रोज दुपारी बाहेरच्या टेबलावर ते फोटो पुन्हा काढीत आणि माणसांच्या सावल्या बघत. सावल्या लहान होत्या. टाउन हॉलसमोरचं मैदान एका फोटोत आलं होतं. तिथे खुर्च्या टाकून लोक बसले होते. बाहेर. व्हिएन्नाकरांनी तो फोटो मोठा करून पाहिला. एकाही माणसाच्या गळ्यात मफलर नव्हता.

पंधरा दिवसांनी ती आली. चेहरा रापला होता, पायाला फोड आला होता. ती पाणी प्यायली, आणखी एक ग्लास प्यायली, आणि पाय वर घेऊन बसली.

“बाईंचा डोळा छान आहे,” ती म्हणाली. “एक थेंब चुकवला नाही.”

“आणि?”

“आणि काय. चाललो. खूप चाललो. ताई दोनदा हरवली, दोन्ही वेळा आइस्क्रीमच्या दुकानात सापडली. एकदा माझ्याच खांद्यावर झोपली आणि तिचं आइस्क्रीम कोटाच्या कॉलरवर. दुकानात न्या तो.” तिनं पायाचा फोड चाचपला. “तुम्ही म्हणाला होतात ना, त्या कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास देतात म्हणून. देतात. मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, बघा, हे बरोबर निघालं.”

व्हिएन्नाकरांनी ते ऐकून घेतलं. मग ज्यासाठी पंधरा दिवस थांबले होते ते विचारलं. “अंधार कधी पडायचा?”

ती खरोखरच आठवू लागली. “अंधार मी पाहिलाच नाही हो,” ती म्हणाली. “अंधार पडायच्या आत झोप लागायची.”

मग उठून तिनं बॅगेतून कोट काढला. दोन्ही खिसे फुगले होते. आतला खिसाही. “सगळं ठेवलंय. ट्राम, बोट, संग्रहालय, एक कागद टाकला नाही. मंडळी टाकायला निघाली की मी मागून घ्यायची. साडूंनी वैताग वैताग केला. माझ्या हातून ओळ लागायची नाही, तुम्हीच लावा.”

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाकरांनी कोट काउंटरवर पसरला. पावती फाडली. गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहिलं, ‘घरचा’. कॉलर : आइस्क्रीमचा डाग. अस्तर : ठीक. बटणं : सहा. शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला.

आणि हात खिशापाशी गेला तसा थांबला. बाहेरून कागद हाताला लागत होते. बरेच होते. कापडावरूनही कळत होतं, गुळगुळीत जातीचे. आणि सगळे जूनचे.

“लावू का मशिनला?” इस्त्रीवाल्यानं आतून विचारलं.

“थांब. खिसे राहिलेत.”

“मग बघा की. बावीस वर्षं काय केलं?”

“गिऱ्हाईक बघतो आधी.”

गिऱ्हाईक कोणी नव्हतं. व्हिएन्नाकरांनी कोट हँगरला लावला आणि शेवटच्या हुकावर टांगला, तो तीन वर्षं होता त्याच हुकावर. मागच्या खोलीची भिंत तिथे लागून होती. दिवसभर इस्त्री चाले, त्यामुळे तो कोपरा दुकानातला सगळ्यांत तापणारा. घरी बायकोनं भाजीचा कप्पा रिकामा करून ठेवला होता आणि रोज विचारत होती, “लागली का ओळ?”

“लावतोय,” ते म्हणत.

आठवडा गेला. मालकांनी पावती बघितली आणि शिक्का का नाही म्हणून विचारलं. उद्या करतो, असं सांगितलं गेलं. इस्त्रीवाला एकदा हुकापाशी थांबला. ह्या खेपेला त्यानं थट्टा केली नाही. “व्हिएन्नाकर, इथे गरमी फार आहे. अक्षरं उडतील त्यातली.”

“माहीत आहे मला.”

उन्हाळा अजून सरला नव्हता. दुपारी एक वाजता ते टेबल बाहेर मांडीत, कॉफी घेऊन बसत, मफलर सारखा करीत. कोणी विचारलं तर हनुवटी टाकीकडे जाई आणि डिसेंबरमधली व्हिएन्ना सुरू होई, बर्फासकट.

आत शेवटच्या हुकावर करडा कोट लटकत होता, खिसे फुगलेले. पावती बाहीला टाचलेली. त्यावर तारीख, कॉलर, अस्तर, बटणं सहा. त्याखालची जागा कोरी.